धार-देवासचा विद्यार्थी आणि बारा आमदार

मध्य प्रदेशच्या विधानसभेत एकंदर २३० जागा आहेत. त्यांपैकी सात धार जिल्ह्याच्या वाट्याला येतात आणि पाच देवास जिल्ह्याच्या. सरदारपूर, गंधवानी, कुक्षी, मनावर, धरमपुरी, धार व बदनावर हे धारचे सात मतदारसंघ. सोनकच्छ, देवास, हाटपिपल्या, खातेगाव व बागली हे देवासचे पाच. या बारा मतदारसंघांतून भोपाळला जाणाऱ्या लोकप्रतिनिधींपुढे आज एक मागणे मांडावयाचे आहे. ते कोणा पक्षाचे नाही, की कोणा एका जातीचे नाही. सरकारी महाविद्यालयांत व सरकारी विद्यापीठांत शिकणाऱ्या, आणि शिकू इच्छिणाऱ्या, मुलामुलींचे ते मागणे आहे.

मराठी माणसाला धार आणि देवास ही नावे परकी नाहीत. अठराव्या शतकात पवारांच्या फौजा माळव्यात आल्या. धारला एक गादी झाली, देवासला एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या, आणि त्यांच्यामागोमाग कारकून, वैद्य, पुराणिक, पंतोजी अशी कितीतरी मराठी घरे येथे येऊन स्थायिक झाली. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात मिळाला. राजे गेले, पण प्रजेच्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी त्यांच्याबरोबर गेली नाही. ती दरबाराकडून विधिमंडळाकडे आली, इतकेच.

ही जबाबदारी स्वातंत्र्यानंतरच्या काळात काही अंशी पार पडली, हे मान्य केले पाहिजे. एके काळी माळव्यातील महाविद्यालये दूरच्या आग्रा विद्यापीठाला जोडलेली होती. १९५७ साली उज्जैनला विक्रम विद्यापीठ निघाले आणि १९६४ साली इंदूरला विद्यापीठ झाले. त्यालाच पुढे देवी अहिल्येचे नाव मिळाले. देवास जिल्ह्यातील महाविद्यालये उज्जैनच्या विद्यापीठाखाली आणि धार जिल्ह्यातील इंदूरच्या विद्यापीठाखाली आली. धारमध्ये महाराजा भोजांच्या नावाचे आणि देवासमध्ये श्रीकृष्णाजीराव पवारांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय उभे राहिले. तालुक्याच्या गावीही महाविद्यालये निघाली. विद्या दाराशी आली, असे नकाशाकडे पाहून कोणालाही वाटेल.

परंतु नकाशावरचे अंतर आणि विद्यार्थ्याचे अंतर यांत फरक आहे. डही किंवा बाग या भागातील एखादी मुलगी बारावी उत्तीर्ण होते. जवळच्या महाविद्यालयात तिला हवा तो विषय नसतो. असला तर शिकवणारा नसतो. मग तिला धारला किंवा इंदूरला यावे लागते. तिकडे बागली-उदयनगरच्या डोंगराळ भागातील मुलाला देवास किंवा उज्जैन गाठावे लागते. सरकारी महाविद्यालयाची फी थोडी असते, आणि अनेकांना तीही माफ असते. पण फी हा या शिक्षणाच्या खर्चातला सर्वांत लहान आकडा आहे. खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण, एस. टी. बंद पडलेल्या या राज्यातील खाजगी मोटारीचे तिकीट, पुस्तके, परीक्षेचे अर्ज आणि दुखण्याबाण्याचे औषध हा खरा खर्च होय. शिवाय हाताशी आलेला मुलगा शेतावर वा मजुरीला जात नाही, म्हणून घरातली जी मिळकत बुडते, तिची तर कोणत्याच अर्थसंकल्पात नोंद नसते. फी माफ केली म्हणजे शिक्षण मोफत झाले, हा समज म्हणूनच फसवा आहे.

शासन काहीच देत नाही असे नाही. भाड्याच्या खोलीत राहून शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मध्य प्रदेशात आवास साहाय्य योजना आहे. तिचा दर इंदूर, उज्जैनसारख्या मोठ्या शहरांत महिना २००० रुपये आणि जिल्ह्याच्या गावी १२५० रुपये असा ठरवण्यात आला. जिल्ह्याच्या ठिकाणचा आकडा तीस दिवसांत वाटला तर दिवसाला बेचाळीस रुपयांच्याही आत येतो. २००५ साली खेड्यातील हुशार मुलींसाठी ‘गाव की बेटी’ योजना निघाली. बारावीत प्रथम श्रेणी मिळवणाऱ्या मुलीला महिना ५०० रुपये, वर्षातून दहा महिने. योजना चांगली, नावही मायेचे. परंतु पंधरा वर्षे लोटल्यावरही आकडा तोच होता. या पंधरा वर्षांत धान्य, डाळ, तेल, मोटारीचे तिकीट यांपैकी काय जागच्या जागी राहिले, हे घरातल्या गृहिणीला विचारावे. दर ठरवून दिला आणि महागाईशी त्याची सांगड घातली नाही, म्हणजे विधिमंडळात एकही मत न पडता ती मदत दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते.

दुसरी गोष्ट वेळेची. केंद्राने डिसेंबर १९२० च्या नव्हे, अगदी अलीकडच्या, म्हणजे डिसेंबर २०२० च्या निर्णयाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असा ठरवला. राज्याने आधी आपला वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात भरावयाचा आणि मग केंद्राचा वाटा यावयाचा, असा क्रम आहे. क्रम तर्कशुद्ध असला तरी त्याचा अर्थ असा की, राज्याच्या तिजोरीतून पैसा सुटण्यास जितका उशीर, तितका दोन्ही वाट्यांना उशीर. घरमालक मात्र जुलैतच भाडे मागतो. खाणावळवाला पहिल्या महिन्यातच हिशेब मागतो. वर्ष उतरणीला लागल्यावर आलेली शिष्यवृत्ती हे वरातीमागून घोडे असते. ज्याच्या घरी पैसा आहे तोच तोवर तग धरतो, आणि ज्याच्यासाठी ती होती तो गाव गाठून मोकळा झालेला असतो.

तिसरी गोष्ट शिकवणाऱ्यांची. मध्य प्रदेशच्या लोकसेवा आयोगाने २०१७ साली सहायक प्राध्यापकांची मोठी भरती जाहीर केली, ती कैक वर्षांच्या खंडानंतर. मधल्या काळात महाविद्यालयांचा गाडा ‘अतिथी विद्वान’ या नावाने नेमलेल्या शिक्षकांनी ओढला आणि आजही पुष्कळ ठिकाणी तेच तो ओढीत आहेत. आपल्याकडे अतिथीला देव मानतात, परंतु या अतिथींना पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही याची शाश्वती नसते. ज्याचे स्वतःचे बस्तान अनिश्चित, त्याने तीन-चार वर्षांच्या अभ्यासक्रमावर विद्यार्थ्याचा हात धरून न्यावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? त्यातच सरकारी महाविद्यालयांत १९९६ पासून जनभागीदारी समित्या आहेत. गावाने महाविद्यालयाला हातभार लावावा हा हेतू स्तुत्य होता. व्यवहारात या समितीच्या पैशाचा मोठा झरा विद्यार्थ्यांकडून घेतलेले शुल्क हाच होऊन बसतो. सरकारने हात आखडता घेतला की विद्यापीठे स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रम काढतात; तेही ओझे शेवटी त्याच खांद्यांवर येते.

याची झळ कोणाला सर्वांत जास्त बसते? २०११ च्या जनगणनेप्रमाणे धार जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ २२ लाख होती आणि तीत अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ५६ टक्के होते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार देशातील अठरा ते तेवीस वयोगटाच्या मानाने उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण २८.४ होते, तर अनुसूचित जमातींमध्ये ते २१.२ होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० वर नेण्याचे ध्येय ठेवले आहे. हे ध्येय गाठायचे असेल तर नवी मुले इंदूरच्या राजवाड्याभोवतालच्या गल्ल्यांतून थोडी, आणि गंधवानी, डही, उदयनगरच्या पाड्यांतून पुष्कळ यावी लागतील. म्हणजे ज्यांना वसतिगृहाची, मोटारीची आणि वेळेवर मिळणाऱ्या पैशाची सर्वांत अधिक गरज आहे, तीच मुले आता यावयाची आहेत.

श्रोतेहो, वसतिगृहाची महती मराठी माणसाला नव्याने सांगावी लागू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडले आणि पुढे नाना जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. नुसती शाळा काढून भागत नाही, मुलाच्या पाठीला अंथरूण आणि पोटाला भाकरी लागते, हे त्या राजाने ओळखले होते. याच शाहू महाराजांची कन्या राधाबाई १९०८ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीरावांना दिली होती, आणि त्यांचेच पुत्र विक्रमसिंहराव १९४७ साली शहाजी महाराज म्हणून कोल्हापूरच्या गादीवर गेले. विक्रमसिंहरावांच्या मागे देवासच्या गादीवर आलेले त्यांचे पुत्र म्हणजेच हे कृष्णाजीराव. देवासच्या महाविद्यालयावर त्यांचे नाव असताना वसतिगृहांचा तो कोल्हापुरी वारसा देवासने विसरावा, हे बरे नव्हे.

दुसरे उदाहरण तर याहून जवळचे. धारच्या लोकसभा मतदारसंघातच महू येते, आणि महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान. १९१३ साली बडोदे संस्थानाने त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. तिची रक्कम दरमहा साडेअकरा पौंड होती. सार्वजनिक तिजोरीतून एका विद्यार्थ्यावर केलेला हा खर्च देशाला किती पटींनी परत मिळाला, याचा हिशेब राज्यघटनेच्या पानापानावर आहे. पुढे मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानांवर चर्चा चालू असता बाबासाहेबांनी दोन मुद्दे मांडले होते. दारूवरील कराच्या रूपाने सरकार लोकांकडून जितके घेते तितके तरी त्यांच्या शिक्षणावर खर्चावे, हा एक. आणि खालच्या थरातील लोकांसाठी उच्च शिक्षण होईल तितके स्वस्त करावे, हा दुसरा. शिष्यवृत्तीवर शिकलेला विद्यार्थी आमदार होऊन सभागृहात उभा राहिला, तेव्हा त्याने मागच्या विद्यार्थ्यांसाठी काय मागितले, हे धार-देवासच्या आजच्या आमदारांनी अवश्य वाचावे.

परदेशाचाही एक दाखला देतो. दुसरे महायुद्ध संपत आले असता, १९४४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. त्यात महाविद्यालयाची फी तर होतीच, पण शिकत असता राहण्याजेवण्यासाठी अविवाहित सैनिकाला दरमहा ५० डॉलर व कुटुंब असलेल्याला ७५ डॉलर देण्याचीही तरतूद होती. या कायद्याच्या आधाराने सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. नुसती फी भरून माणूस शिकत नाही, हे तेथील कायदे करणाऱ्यांनी नेमके हेरले होते.

आता प्रश्न असा, की आमदार करू काय शकतात? पुष्कळ नागरिकांचा समज असतो की पैसा मंत्री देतात आणि आमदार फक्त हात वर करतात. घटनेच्या २०२ व २०३ या कलमांनी याची रीत घालून दिली आहे. दरवर्षी सरकार आपल्या जमाखर्चाचे विवरण विधानसभेपुढे मांडते आणि खर्च अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने मतास टाकते. सभागृह ती मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. स्वतः होऊन वाढवू मात्र शकत नाही. म्हणून आमदाराचे खरे काम अर्थसंकल्प येण्यापूर्वी सुरू होते. मंत्र्याकडे, मुख्यमंत्र्यांकडे, आपल्या पक्षाच्या बैठकीत त्याने आकडे घेऊन बोलले पाहिजे. अर्थसंकल्प आल्यावर उच्च शिक्षणाच्या मागणीवर नाममात्र कपातसूचना देऊन त्याला गाऱ्हाणे सभागृहाच्या कामकाजात नोंदवता येते. तारांकित प्रश्न विचारून माझ्या तालुक्याच्या महाविद्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, शिष्यवृत्तीचे किती अर्ज किती महिने पडून आहेत, याचे उत्तर मागता येते. वर्षाच्या मधल्या पूरक मागण्यांत राहिलेली तरतूद करून घेता येते. आणि अंदाज समिती, लोकलेखा समिती यांतून, मंजूर झालेला पैसा खरोखर खर्च झाला की मार्चअखेर परत गेला, याची झडती घेता येते.

ही झडती घेण्यास आणखी एक कारण आहे. देवासचे दोन दरबार ज्यांनी वाचले-ऐकले आहेत त्यांना ठाऊक असेल, की एकाच गावात रस्त्याच्या या बाजूला एक सत्ता आणि त्या बाजूला दुसरी, असा तो अजब कारभार होता. आजच्या विद्यार्थ्याचीही गत तशीच आहे. त्याचे महाविद्यालय उच्च शिक्षण विभागाकडे. त्याचे वसतिगृह जनजातीय कार्य विभागाकडे किंवा अनुसूचित जाती कल्याण विभागाकडे. त्याची परीक्षा विद्यापीठाकडे. आणि त्याला घरी नेणारा रस्ता तिसऱ्याच खात्याकडे. प्रत्येक खाते आपापल्या पातीपुरते बोलते. या सर्वांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आणि वजन ज्याच्याकडे आहे, असा मतदारसंघातला माणूस एकच, तो म्हणजे आमदार.

मागावयाचे काय, तेही नेमके सांगितले पाहिजे. कारण मोघम मागणीला मोघम आश्वासन मिळते. प्रत्येक सरकारी महाविद्यालयाशेजारी मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह असावे, आणि ते बांधतानाच अधीक्षिका, स्वयंपाकी व पहारेकरी यांच्या पगाराची सोय व्हावी. नाही तर इमारतीला कुलूप लागते. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशानंतर दोन महिन्यांत खात्यात पडावा आणि तिचा दर दरवर्षी महागाईच्या मानाने वाढावा. महाविद्यालयाच्या वेळेला धरून सवलतीच्या मोटारी सुटाव्यात. मंजूर पदे कायम शिक्षकांनी भरावीत. ग्रंथालय संध्याकाळीही उघडे राहावे, आणि विद्यार्थ्याच्या प्रकृतीची व मनाची विचारपूस करणारे जाणते माणूस महाविद्यालयात असावे. यांत चैनीची अशी एकही गोष्ट नाही. नवे फलक आणि नवी नावे यांना आमचा विरोध नाही. उज्जैनच्या विद्यापीठाला २०२५ साली सम्राट विक्रमादित्यांचे पूर्ण नाव मिळाले, त्याचाही अभिमान कोणी बाळगावा. पण नाव लांबल्याने वसतिगृहात एकही खाट वाढत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

‘पैसा कोठून आणायचा?’ असा सवाल आता येईल. सवाल रास्त आहे. राज्याला रस्ते, पाणी, दवाखाने सगळेच करावे लागते. परंतु डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्चावे असे सुचवले, पुढच्या धोरणांनी ते मान्य केले आणि २०२० च्या धोरणानेही त्याचाच पुनरुच्चार केला. तो आकडा देशाने अद्याप एकदाही गाठलेला नाही. शिवाय सगळा पैसा राज्याचाच असतो असेही नाही. २०२३ साली सुरू झालेल्या केंद्राच्या उच्च शिक्षण अभियानात मध्य प्रदेशसारख्या राज्यांसाठी केंद्राचे ६० व राज्याचे ४० असे प्रमाण ठेवले गेले. अनुसूचित जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो. येथे राज्याने वाचवलेला एक रुपया प्रत्यक्षात विद्यार्थ्याचे चार रुपये बुडवतो.

आणि आमच्या दोन जिल्ह्यांकडे पाहा. धार जिल्ह्यात पीथमपूरचे मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. कारखान्यांसाठी जमीन, रस्ते, वीज, पाणी यांवर सरकारने पैसा घातला, आणि त्याला कोणी उधळपट्टी म्हटले नाही. त्याला पायाभरणी म्हटले. मग त्याच जिल्ह्यातील मुलगी त्या कारखान्यात मजूर न होता अभियंता व्हावी म्हणून घातलेला पैसा पायाभरणी का नाही? देवासला तर देशाच्या नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे. ज्या गावात नोटा छापल्या जातात, त्याच गावात महिन्याच्या खोलीभाड्यासाठी एखाद्याचे शिक्षण तुटावे, ही गोष्ट कोणत्याही सभागृहाला शोभणारी नाही.

शेवटी दोन शब्द आपणा श्रोत्यांसाठी. धार-देवासच्या मराठी घरांपैकी कितीतरी घरे शिक्षणाच्या बळावर वर आली. आज त्या घरांतील मुले पुण्या-मुंबईला, कोणी परदेशीही शिकतात. सरकारी महाविद्यालयाशी त्यांचा संबंध उरला नाही. म्हणून ते महाविद्यालय आता ‘दुसऱ्यांचे’ झाले असे मानणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. ज्या शिडीने आपण माडीवर आलो ती वर ओढून घेणे हे सज्जनाचे काम नव्हे. विधानसभेचे अर्थसंकल्पी अधिवेशन बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरते. त्याआधी आपल्या आमदाराला एक पत्र लिहावे. त्यात पक्ष नको, निंदा नको, विनवणीही नको. आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयाचे नाव, तेथे काय कमी आहे त्याचा तपशील, आणि या अधिवेशनात आपण त्याविषयी काय विचारणार आहात, एवढा एकच प्रश्न असावा. उत्तर आले तर ते गावात वाचून दाखवावे. न आल्यास पुन्हा लिहावे.

बारा जागा २३० च्या सभागृहात फार नव्हेत. पण बारा जण एका गोष्टीवर एकमताने उभे राहिले तर कोणत्याही अर्थमंत्र्याला त्यांच्याकडे मान वळवून पाहावे लागते. पुढच्या जुलैत बागचा, बागलीचा विद्यार्थी आपली वळकटी घेऊन शहरात उतरेल, तेव्हा त्याला राहावयास खोली, जेवावयास ताट आणि शिकवावयास गुरू मिळेल की नाही, हे त्याआधीच्या मार्चमध्ये भोपाळला ठरत असते. ते तसे ठरावे म्हणून आपण बोलले पाहिजे.